दर तासाचा फोन

१

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर ताई आणि पाठ फिरली की भिंगबाई. तिला दोन्ही माहीत होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव तिला जास्त आवडायचं.

एकोणीस वर्षं ती एकाच स्टुलावर बसून होती. समोर पांढऱ्या उजेडाचा फळा, त्याच्यापुढून सरकणारा पट्टा आणि पट्ट्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची न संपणारी रांग. कुणाच्या पोटात बुडबुडा, कुणाच्या गळ्याला केसाएवढा तडा, कुणाचं तोंड जरासं तिरकं. डोळ्याला दिसलं की हातानं उचलायची आणि डावीकडच्या फूटपेटीत टाकायची. खळ्ळ. नव्याने लागलेल्या बायकांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "डोळ्याला खटकली की काढायची. डोकं चालवत बसलात तर तोवर चार वाईट पुढे जातात. हातालाच शिकवा."

फूटपेटीतली काच वाया जात नसे. पेटी भरली की ती परत भट्टीत जाई, वितळे आणि नवीकोरी बाटली होऊन पुन्हा तिच्याच समोरून सरके. माणसांसाठीही अशी एक भट्टी हवी होती, असं ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची. बायका हसायच्या. ती मात्र अर्धीच गंमत करत असायची.

काम डोळ्यांचं, म्हणून दर तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायची मुभा होती. बाकीच्या खरोखर डोळे मिटत. भिंगबाई गेल्या आठवडाभरापासून त्या दहा मिनिटांत फोरमनच्या टेबलावरचा फोन पुढे ओढून घरी लावत होती. कारण आठवडाभरापासून तिनं आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घरात कोंडून ठेवलं होतं.

२

मुलीचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती बबडी. बाप ती पाच वर्षांची असताना वारला. तेव्हापासून मायलेकी दोघीच, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. खिडक्यांना गज.

बबडीचा गुन्हा असा की दोन महिने ती क्लासला म्हणून निघायची आणि एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर मैत्रिणींसोबत गप्पा छाटत बसायची. घरी येऊन आज काय शिकवलं हेही साग्रसंगीत सांगायची. क्लासवाल्यांची चिठ्ठी आली तेव्हा आईला गच्चीपेक्षा त्या सांगण्याचा राग जास्त आला. परीक्षेला पुरता महिनाही उरला नव्हता. तिनं मुलीचा मोबाईल कारखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवला आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं. घरी राहिला तो बाहेरच्या खोलीतला जुना, वायरवाला फोन. दर तासाला तो वाजणार, आणि बबडीनं तो उचलायचा. नाही उचलला तर बघ.

तसे बबडीत दोष पुष्कळ. एक दात दुसऱ्यावर चढलेला. अक्षर असं, की शाईत पाय बुडवून कोंबडी वहीवर फिरली असावी. तीन वर्षांची असताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली, तेव्हापासून डावी भुवई मधोमध तुटलेली. आणि जीभ! आईचा एक शब्द खाली पडू देईल तर शपथ. जन्मात तिनं आईला सरळ "हो" म्हटलं नव्हतं. फोनसुद्धा सात-आठ वेळा वाजू द्यायचा, मग उचलायचा आणि म्हणायचं, "हं, बोल."

पहिले चार दिवस तसंच चाललं. पाचव्या दिवशी अकराचा फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"अभ्यास करतेस ना?"

"हो, आई."

भिंगबाईनं रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. आठवडाभरही झाला नाही आणि गुण आला की!

३

संध्याकाळी कुलूप काढलं तर बबडी बाहेरच्या खोलीत, दाराला पाठ लावून बसलेली.

"आज फोन वाजवून लगेच का ठेवत होतीस?" तिनं विचारलं.

"सात वेळा केला. सातही वेळा बोललीस."

"मी एकदाही बोलले नाही. घंटी वाजते, मी आतून उठून येईपर्यंत बंद होते. येऊन बघते तर रिसीव्हर जागेवर. पण गरम असतो, आई. कुणीतरी धरल्यासारखा."

"बरं."

"बरं काय? घरात कुणीतरी आहे."

भिंगबाईनं उत्तरादाखल टेबलावरची वही उघडली. नऊ पानं गणितं, एकही खाडाखोड नाही, अक्षर छापल्यासारखं. दुपारी फोनवर तिनं विचारलं होतं, किती गणितं झाली? बत्तीस, असं उत्तर आलं होतं. तिनं उभ्याउभ्या मोजली. बत्तीस.

"हे मी लिहिलेलं नाही," बबडी म्हणाली.

"मग कुणी? भुतानं?"

"मला काय माहीत कशानं! पण मी नाही."

"तर मग ते भूतच परीक्षेला बसव. पास तरी होईल."

बबडीचा चेहरा पडला. एरवी तिनं असल्या टोमण्यावर दहा उत्तरं दिली असती. आईच्या ते लक्षात आलं, पण तिनं त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. पोरगी नरमली, असं तिला वाटलं.

समोरच्या घरात एक नर्स राहायची. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, एकटी, स्पष्टवक्ती बाई. ती पाणी भरताना म्हणाली, "पोरीला कोंडून ठेवतेस ते काही बरं नाही हं. उद्या गॅस पेटला, आग लागली तर?"

"तिला गॅस पेटवता येत असता तर आणखी काय हवं होतं?" भिंगबाई म्हणाली आणि आत गेली.

४

सहाव्या दिवशी फोनवर त्या गोड आवाजाच्या मागे धप्प धप्प असं काहीतरी ऐकू येत होतं. सावकाश, दमून भागून कुणी दार बडवावं तसं.

"काय वाजतंय गं?"

"काही नाही, आई. वारा आहे."

पंख्याखाली बसलेल्या फोरमनलाही घाम सुटत होता असा तो दिवस. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. भिंगबाईनं ते पाहिलं, आणि स्वतःची समजूत घातली की तिसऱ्या मजल्यावर असेल वारा. बुद्धी एकदा कामाला लावली की ती कुठलंही काम करते.

संध्याकाळी बबडीच्या दोन्ही हातांची बोटं सुजलेली होती. फोन वाजायची वेळ झाली की आतल्या खोलीचं दार आपोआप लागतं, ती म्हणाली. बाहेरून कुणीतरी धरून ठेवतं. दाराखालच्या फटीतून पाय दिसतात.

"कुणाचे?"

"माझे," बबडी म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. "ती मला विचारते, आई. दाराला तोंड लावून विचारते. आई तुला काय म्हणून हाक मारते? तू लहानपणी कशाला घाबरायचीस? भुवईला काय झालं? मी काही सांगितलं नाही. ती फटीशी वाकली तेव्हा मी पाहिलं, तिची भुवई सरळ आहे. अख्खी आहे. तेवढं लक्षात ठेव. काहीही झालं तरी तेवढं लक्षात ठेव."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. फार जोरात नाही, पण मारली. दया यावी म्हणून हात सुजवून घेतेस, गोष्टी रचतेस, आधी क्लासच्या रचल्यास, आता ह्या. वीस दिवस राहिलेत परीक्षेला. वीस दिवस तुला गप्प बसता येत नाही?

बबडीनं गालावर हात ठेवला. "तुला तीच आवडते," ती म्हणाली. "तिलाही ते कळलंय."

हे मात्र भिंगबाईच्या वर्मी लागलं, कारण दिवसभर ती फोनच्याच वेळेची वाट पाहायची. "हो, आई" ऐकलं की तिला पुढचा तासभर बरं वाटायचं.

५

सातव्या दिवशी दोनच्या फोनवर अभ्यासाचं विचारून झालं, आणि का कुणास ठाऊक, तिनं सहज विचारलं, "बबडे, तुझ्या भुवईला काय झालं होतं गं लहानपणी?"

 मग त्याच गोड आवाजात उत्तर आलं.

"माझी भुवई चांगली आहे, आई."

भिंगबाईनं रिसीव्हर आपटला. तिनं फोरमनला काय सांगितलं, चपला बदलल्या की नाही, बस मिळाली की रिक्षा, हे तिला नंतर आठवेना. पावणेतीनला ती तिसऱ्या मजल्यावर आपल्याच दाराला कान लावून उभी होती. आत सगळं चिडीचूप. किल्ली हातात होती, पण हात पुढे होईना. उघडल्यावर समोर काय असेल हे आधी कळायला हवं होतं.

नर्सनं पावलं ऐकून दार उघडलं. भिंगबाईनं तिला एवढंच म्हटलं, "तुमच्या मोबाईलवरून माझ्या घरी फोन लावा. आणि माझ्या हातात द्या."

"अगं, दारात उभी आहेस की..."

"लावा ना!"

दारामागे घंटी वाजली. एकदाच. डाव्या कानाला धरलेल्या मोबाईलमधून आवाज आला, "हो, आई."

आणि उजव्या कानाला, दाराच्या अगदी मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, कुणीतरी घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणालं, "आई, मी इथे आहे. फोन ठेव. तिच्याशी बोलू नको. मी इथे आहे, उघड."

म्हणजे पोर खरं बोलत होती. तीन दिवस खरं बोलत होती! भिंगबाईनं मोबाईल नर्सच्या अंगावर टाकला आणि किल्ली कुलपात घातली. एकच गोष्ट करायची होती. आपली पोर ओढून बाहेर घ्यायची आणि दार लावून टाकायचं.

दार वीतभर उघडलं. आत पडदे ओढलेले, उजेड जेमतेम. दाराशी एक मुलगी जमिनीवर पडलेली होती. केसांच्या जटा, ओठ फुटलेला, नखं रक्ताळलेली. तिनं आईच्या घोट्याला मिठी घातली, नखं रुतवली आणि ओरडायला लागली. "किती वेळ लावलास! मेल्यावर येणार होतीस का? तुझ्यामुळे झालं हे, तुझ्यामुळे!" तिच्या मागे, फोनच्या टेबलापाशी, दुसरी उभी राहिली. विंचरलेले केस, इस्त्रीचा फ्रॉक. तिनं दोन पावलं पुढे टाकली, हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आई."

जमिनीवरचीनं तोंडावरचे केस मागे सारले आणि चेहरा वर केला, मुद्दाम, नीट दिसावा म्हणून. भिंगबाईच्या डोळ्याला त्या अपुऱ्या उजेडातही ते दिसलं. डाव्या भुवईत, मधोमध, तुटलेली रेघ.

डोळ्याला खटकलं, आणि हात चालला.

तिनं पाय झटकून सोडवला. पुढे आलेला स्वच्छ हात मनगटाला धरला, दाराबाहेर ओढला, दार आपटलं, कडी घातली, कुलूप दाबलं. एका श्वासात. एकोणीस वर्षांत इतकं सफाईदार काम तिच्या हातून झालं नव्हतं.

६

"सुटलीस गं बाई," ती पोरीला छातीशी धरून म्हणत होती. "सुटलीस."

नर्स आपल्या दारात मोबाईल उचलून पुसत होती. "बरं झालं सोडलंस पोरीला," ती म्हणाली. "पण ते आत कोण वाजवतंय?"

आतून दार बडवलं जात होतं. धप्प, धप्प. भिंगबाईनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जिन्याच्या खिडकीकडे, उजेडात वळवला. सवयीनंच. दात एका रांगेत होते. हनुवटी स्वच्छ. डावी भुवई एखाद्या कसबी माणसानं एका झटक्यात काढावी तशी, सलग.

कुठेही काही दोष नव्हता.

"काही नाही," पोरगी नर्सकडे बघून म्हणाली. "वारा आहे."

तेवढ्यात दार बडवणं थांबलं. भिंगबाईची किल्ली दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली, माळ्यावर चढली, पलंगाखाली, सिलिंडरमागे, कपाटात, धुण्याच्या बादलीतसुद्धा पाहिलं. हाका मारमारून घसा बसला. दाराला आतून नखांचे ओरखडे होते, आणि उंबऱ्याशी केसांचा एक पुंजका.

बाहेर उभी असलेली पोरगी आत आली. तिनं कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा हातात घेतला, तो पुंजका गोळा केला आणि केराच्या डब्यात टाकला.

"चहा करू, आई?" तिनं विचारलं. तिला गॅस पेटवता येत होता.

७

लोक काय, ते भिंगबाईचं कौतुक करायला लागले. मुलगी वेळेवर क्लासला जाते, वेळेवर येते, खाली मान घालून चालते. नर्स म्हणाली, "कोंडल्याचा उपयोग झाला म्हणायचा. मीच चुकीचं बोलले." भिंगबाईनं दोनदा तिला खरं सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार? मुलगी बदलली, अशी तक्रार घेऊन कुणाकडे जातात?

त्यानंतर कारखान्यात गेली त्या पहिल्या दिवशी अकराला डोळ्यांची सुट्टी झाली आणि हात आपसूक फोनकडे गेला. घरात कुणी नव्हतं. पोरगी क्लासला, दाराला कुलूप. सात-आठ घंट्या झाल्या. मग फोन उचलला गेला.

"हं, बोल."

 "बबडे! कुठे आहेस गं?"

"घरात. तूच कोंडलंयस ना."

"मी सगळीकडे शोधलं. मला दिसत नाहीस."

"मला तू दिसतेस. काल तिच्याबरोबर जेवताना हसलीस. मी तुझ्या शेजारीच बसले होते."

ती धावत घरी गेली, कुलूप काढलं, सगळं घर पुन्हा पालथं घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फोरमननं समज दिली. मग ती फक्त फोन करत राहिली, दर तासाला, दहा मिनिटं. आधी बबडी शिव्या द्यायची. त्या ऐकायला भिंगबाई आतुर असायची. आपलीच पोर, दुसऱ्या कुणाला असं बोलता येणं शक्य नाही! मग शिव्या आटल्या आणि रडणं आलं. मग रडणंही कमी झालं. घंट्या साताच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन.

परीक्षेच्या आठवड्यात बबडी म्हणाली, "आई, इथे मी अभ्यास करते. अक्षर सुधारलंय माझं. उलट बोलत नाही आता. मग उघडशील?"

आणि भिंगबाई, सोळा वर्षांच्या सवयीनं, मनात काही नसताना म्हणून गेली, "बघू."

पलीकडे फोन हळूच ठेवला गेला. तिनं लगेच पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला, दहा मिनिटं संपेपर्यंत. कुणी उचलला नाही. संध्याकाळी घरी दुसरीनं जेवण वाढलं, पेपर चांगला गेला म्हणून सांगितलं, आणि आई जेवली. रात्री झोपताना तिच्या घोट्यावरचे नखांचे चार ओरखडे दुखत होते. ते भरत आले होते. ते भरू नयेत म्हणून तिनं खपल्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बबडे?"

"हो, आई."

फोरमन वर बघायला लागला इतक्या जोरानं तिनं रिसीव्हर कानाला दाबला. "बबडे, शिवी दे मला. काहीही बोल. ऐक, तुझ्या भुवईला काय झालं होतं? टेबलाचा कोपरा लागला होता ना? आठव. मी तुला कडेवर घेऊन डॉक्टरकडे पळाले होते, अनवाणी. आठवतंय ना?"

पलीकडे क्षणभर कुणीतरी खरंच आठवत असावं. एक श्वास ऐकू आला, जरा घोगरा, अडखळलेला. मग तोही सुरळीत झाला.

"माझी भुवई चांगली आहे, आई."

दहा मिनिटं संपल्याची घंटा झाली. भिंगबाई स्टुलावर येऊन बसली. पट्टा सुरू झाला. भट्टीतून नवा माल आला होता. फळ्याच्या पांढऱ्या उजेडातून एकेक बाटली सरकत होती आणि ती प्रत्येकीकडे नीट बघत होती. सुट्टी होईपर्यंत तिला एकही काढावी लागली नाही.